चक्कर विकणारे यंत्र : 'मिशन स्पेस' चालले की फसले?

माल उत्तम बनला, कारागिरीत कसूर राहिली नाही, पण बऱ्याच गिऱ्हाइकांना तो सोसवला नाही, तर त्या मालाला यशस्वी म्हणावे की फसलेला? हा सवाल छोट्या दुकानदाराला पडतो तसाच जगातल्या सर्वांत बड्या करमणूक कंपनीलाही पडतो. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात डिस्ने कंपनीच्या 'एपकॉट' या थीम पार्कमध्ये २००३ साली 'मिशन स्पेस' नावाची एक सफर सुरू झाली. बसणाऱ्याला अग्निबाणातून मंगळावर निघाल्याचा अनुभव देणारे हे यंत्र. त्यावर सुमारे दहा कोटी डॉलर खर्च झाल्याचे सांगितले जाते. वीस वर्षे उलटली तरी अशा सफरींच्या शौकिनांत वाद मिटलेला नाही. काही म्हणतात, असे यंत्र पुन्हा कोणी बनवले नाही. काही म्हणतात, पुन्हा कोणी बनवले नाही यातच सर्व आले.

आमच्या वाचकांपैकी फार थोडे त्या यंत्रात बसले असतील. परंतु या वादात मालाची मजबुती, गिऱ्हाइकाची तब्येत, इशाऱ्याची पाटी, कारागीर आणि मालक यांचा करार असे धंद्याचे बहुतेक सारे प्रश्न आले आहेत. म्हणून या पानावर तो सविस्तर मांडत आहोत.

जुने मोडून नवे

एपकॉट १ ऑक्टोबर १९८२ रोजी उघडले. बरोबर एक वर्षाने, १ ऑक्टोबर १९८३ रोजी, तेथे 'होरायझन्स' नावाची सफर सुरू झाली. हळू चालणाऱ्या गाडीत बसून उद्याचे जग कसे असेल ते पाहायचे, असा तिचा थाट होता. आजोबा आणि नातू शेजारी बसू शकत. शेवटी अंतराळ, वाळवंट आणि समुद्राखालची वस्ती यांपैकी कोणत्या वाटेने परतायचे, ते बसणाऱ्यांनी बटण दाबून ठरवायचे. तिचा खर्च उचलणारी पुरस्कर्ती कंपनी जनरल इलेक्ट्रिक होती. १९९३ साली तिने हात काढून घेतला. पुरस्कर्ता गेला की अशा इमारतीचे काय होते, ते सांगायला नको. होरायझन्स एकदा बंद झाली, पुन्हा उघडली, आणि जानेवारी १९९९ मध्ये कायमची बंद झाली. पुढे इमारतही पाडण्यात आली.

त्या जागेवर मिशन स्पेस उभे राहिले. नवा पुरस्कर्ता संगणक बनवणारी कॉम्पॅक कंपनी होती; ती २००२ साली हेवलेट-पॅकार्डमध्ये विलीन झाली आणि ते नाव पाटीवर आले. ऑगस्ट २००३ पासून लोकांना आत घेऊ लागले आणि ९ ऑक्टोबर २००३ रोजी रीतसर उद्घाटन झाले. समारंभाला कंपनीच्या बड्या अधिकाऱ्यांबरोबर अमेरिकेच्या 'नासा' या अंतराळ संस्थेचे प्रमुख आणि प्रत्यक्ष अंतराळात जाऊन आलेले अनेक अंतराळवीर हजर होते. जाहिरातीसाठी यापेक्षा मोठे साक्षीदार कोठून आणायचे?

पण शौकिनांच्या वादाचे पहिले बीज येथेच पडले. ज्या जागी सर्व वयाचे लोक बसत होते, त्या जागी आता ४४ इंचांहून कमी उंचीच्या मुलाला मज्जाव झाला. हृदयविकार, रक्तदाब, पाठीचे दुखणे असणाऱ्यांना आणि गरोदर स्त्रियांना दूर राहण्यास सांगण्यात आले. जुन्या गिऱ्हाइकांपैकी मोठा वर्ग पहिल्याच दिवशी दाराबाहेर राहिला.

यंत्राची करामत

आता कारागिरीकडे वळू. प्रवासाचा आभास देणाऱ्या यंत्राला सिम्युलेटर म्हणतात. ही कल्पना वैमानिकांच्या शिक्षणातून आली. डिस्नेने १९८७ साली कॅलिफोर्नियात 'स्टार टूर्स' ही सफर सुरू केली, तेव्हा वैमानिकांसाठी सिम्युलेटर बनवणाऱ्या रेडिफ्यूजन या ब्रिटिश कंपनीचे तंत्र घेतले होते. चाळीस माणसांची खोली तेलाच्या दाबावर हलणाऱ्या पायांवर उभी करायची, समोर चित्रपट दाखवायचा, आणि चित्रात विमान वळले की खोली कलवायची. खोली मागे कलली की पाठीवर भार येतो. डोळ्यांसमोर वेग दिसतो. मेंदू दोहोंचा मेळ घालून 'आपण सुसाट निघालो' असे मानतो.

या युक्तीला एक मर्यादा आहे. खोली कितीही कलवली तरी शरीरावरचा कायमचा भार पृथ्वीच्या ओढीपेक्षा वाढत नाही. धक्के देता येतात, पण अग्निबाण सुटताना छातीवर जो दाब बसतो आणि टिकतो, तो देता येत नाही.

मिशन स्पेसच्या रचनाकारांना तोच दाब हवा होता. त्यावर उपाय एकच, गरगर फिरवणे. गोफणीत दगड ठेवून फिरवला की तो बाहेर ओढ घेतो. पाण्याची बादली जोरात वर्तुळात फिरवली तर पाणी सांडत नाही. हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर वापरणाऱ्या यंत्राला सेंट्रीफ्यूज म्हणतात. लढाऊ वैमानिक आणि अंतराळवीर यांना त्यात बसवून दाब सोसण्याचा सराव देतात. असे यंत्र बनवणाऱ्या पेनसिल्व्हेनियातील एन्व्हायर्नमेंटल टेक्टॉनिक्स, म्हणजे ईटीसी, या कंपनीकडून डिस्नेने काम करून घेतले.

इमारतीत अशी चार यंत्रे आहेत. प्रत्येकाला दहा कोठड्या, प्रत्येक कोठडीत चार आसने; म्हणजे एका यंत्रात ४० आणि चारांत मिळून १६० माणसे. कोठडी बंद झाली की यंत्र फिरू लागते आणि कोठडी अशी कलते की फिरण्याची ओढ छातीतून पाठीकडे दाबते. बसणाऱ्याला वाटते आपण सरळ वर चाललो आहोत. दाब साधारण अडीच 'जी'पर्यंत जातो. म्हणजे साठ किलोच्या माणसाला आपले वजन दीडशे किलो झाल्यासारखे वाटते. खऱ्या स्पेस शटलच्या उड्डाणात हा दाब तीन 'जी'पर्यंत जात असे. करमणुकीचे यंत्र खऱ्या वस्तूच्या किती जवळ पोचले होते, ते या आकड्यांवरून कळेल. पुढे यंत्र हळू होते, कोठडी पुढे कलते, आणि भाराने दबलेले शरीर एकाएकी हलके झाल्यामुळे तरंगल्याचा भास होतो.

रोलर कोस्टरवर याहून अधिक दाब क्षणभर येतो आणि जातो. येथे तो टिकतो. दोन्हींत फरक आहे तो एवढाच, आणि तोच गिऱ्हाइकाच्या पोटाला कळतो.

कान एक सांगतो, डोळा दुसरे

घाटातून एसटीने जाताना अनेकांना मळमळते. कारण आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या बारीक नळ्या असतात. त्यांतला द्रव हलला की मेंदूला हालचालीची बातमी मिळते. डोळ्यांची बातमी आणि कानाची बातमी जुळली नाही की मेंदू गोंधळतो आणि पोट बंड करते.

मिशन स्पेसमध्ये डोळ्यांसमोरच्या पडद्यावर सरळ उड्डाण चाललेले असते आणि शरीर मात्र वर्तुळात फिरत असते. वेग एकसारखा राहिला तर कानाला फिरणे फारसे कळत नाही. पण माणसाने मान वळवून शेजाऱ्याकडे पाहिले, की कानातला द्रव भलत्याच दिशेने हलतो आणि कोलांटी खाल्ल्यासारखी घेरी येते. डोळे मिटले तरी पंचाईत, कारण उड्डाणाची समजूत पटवून देणारे चित्र निघून जाते आणि उरते ते केवळ गरगरणे. म्हणून आत जाण्यापूर्वी पुन्हा पुन्हा बजावले जाते की समोर पाहा, मान वळवू नका, डोळे मिटू नका. भीती वाटल्यावर माणूस नेमके जे करतो, तेच येथे करायचे नाही!

सफर सुरू झाल्यावर थोड्याच काळात कोठडीत ओकारीच्या पिशव्या दिसू लागल्या. विमानात आपण त्या पाहतो. आईबाप मुलांना घेऊन जातात अशा बागेत त्या ठेवण्याची वेळ यावी, याची वर्तमानपत्रांनी चर्चा केली. त्याच एपकॉटमध्ये १९८९ पासून चालणारी 'बॉडी वॉर्स' ही सिम्युलेटर सफरही मळमळीसाठी बदनाम होती. तेव्हा गिऱ्हाइकाचे पोट किती सोसते याचा अनुभव कंपनीच्या गाठीला नव्हता, असे म्हणता येणार नाही.

दोन मृत्यू

येथवरची गोष्ट हसण्यावारी नेता येईल. पुढची नाही. जून २००५ मध्ये चार वर्षांचा एक मुलगा या सफरीत बेशुद्ध पडला आणि दगावला. तपासणीत आढळले की त्याच्या हृदयाचा स्नायू जाड झालेला होता, आणि हे दुखणे आधी कोणाला ठाऊक नव्हते. मुलाची उंची नियमात बसत होती. यंत्रात बिघाड आढळला नाही. एप्रिल २००६ मध्ये जर्मनीहून आलेल्या एका महिलेला सफरीनंतर अस्वस्थ वाटले आणि मेंदूतील रक्तस्रावाने तिचा मृत्यू झाला. तिला जुना रक्तदाब असल्याचे निष्पन्न झाले. २००५-०६ च्या सुमारास वर्षभरात या सफरीतून उतरलेल्या १९४ जणांना प्राथमिक उपचार द्यावे लागले, असे त्या वेळी वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झाले. त्यांत भोवळ येऊन पडलेले होते, श्वास लागलेले होते आणि छातीत दुखणारेही होते.

या ठिकाणी शौकिनांचा वाद गंभीर होतो. एका बाजूचे म्हणणे असे की यंत्र बिघडले नव्हते, सूचना लावलेल्या होत्या, आणि लाखो माणसे बसून सुखरूप उतरली. ज्याचे दुखणे लपलेले आहे त्याला जिना चढतानाही धोका असतो. दुसरी बाजू म्हणते की सूचना त्यालाच उपयोगी पडते ज्याला आपले दुखणे ठाऊक आहे. शिवाय ज्या बागेच्या नावावर आईबाप डोळे झाकून विश्वास टाकतात, तेथे पाटी वाचण्याआधीच मन निर्धास्त झालेले असते.

आणखी एक गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. फ्लोरिडाच्या कायद्यानुसार हजाराहून अधिक नोकर असलेल्या आणि स्वतःचे तपासनीस ठेवणाऱ्या बड्या बागा राज्य सरकारच्या नेहमीच्या पाळणा-तपासणीतून वगळलेल्या आहेत. गंभीर दुखापतींची माहिती त्या स्वतःच दर तीन महिन्यांनी सरकारला देतात. गावोगाव फिरणाऱ्या जत्रेतल्या छोट्या पाळणेवाल्याला मात्र तपासणी चुकत नाही. बड्याला स्वतःच्या तराजूत स्वतःचा माल तोलण्याची मुभा असावी का, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि तो रास्त होता.

नारंगी आणि हिरवा

मे २००६ मध्ये कंपनीने तोडगा काढला. चार यंत्रांचे दोन गट केले. नारंगी गटात पूर्वीप्रमाणे गरगरणारी, जोरकस सफर. हिरव्या गटात तेच चित्र, तीच कोठडी, पण यंत्र फिरत नाही, केवळ कोठडी हलते. दारातच गिऱ्हाइकाने रंग निवडायचा आणि त्या रंगाचे कार्ड घेऊन आत जायचे.

देग एकच ठेवायची, की तिखट आणि फिकी अशा दोन मांडायच्या, असा हा सवाल. हॉटेलवाल्या बांधवांना तो नवा नाही. पण येथे अडचण अशी की सर्वाधिक पैसा ज्या फिरण्यावर खर्च झाला, तेच हिरव्या बाजूस बंद. अस्सल शौकिनांना हे पटले नाही. फिरणे काढले तर उरले काय, हा त्यांचा सवाल. तोच चित्रपट साध्या सिम्युलेटरवरही दाखवता आला असता.

हिरव्या बाजूची खरी सुधारणा व्हायला आणखी अकरा वर्षे लागली. २०१७ साली सफर काही काळ बंद ठेवून ऑगस्टमध्ये पुन्हा उघडली, तेव्हा हिरव्या गटाला स्वतंत्र चित्रपट मिळाला. मंगळाऐवजी पृथ्वीभोवती फेरी. उंचीची अटही ४४ वरून ४० इंचांवर आली. नारंगीचा मंगळप्रवास नव्या चित्रांसह कायम राहिला. म्हणजे ज्याला जोर नको त्याला जोरकस मालाचा उरलेला तुकडा देण्याऐवजी त्याच्यासाठी वेगळा माल बनवला गेला. आमच्या मते या सफरीच्या इतिहासातला हा सर्वांत शहाणा निर्णय होय. खंत एवढीच की तो आधी सुचला नाही.

शौकिनांचे तट

आज या वादात साधारण चार तट दिसतात.

पहिला तट कारागिरीचा. त्यांच्या मते अग्निबाणाचा दाब सामान्य माणसाला तिकिटाच्या पैशांत दुसरीकडे कोठे मिळतो? यंत्राने जे कबूल केले ते दिले. सोसणे न सोसणे हा बसणाऱ्याचा प्रश्न.

दुसरा तट गोष्टीचा. ते म्हणतात, यंत्र जबर पण कथा तोकडी. बसणाऱ्या चौघांना सेनापती, वैमानिक, दिशादर्शक आणि अभियंता अशी कामे वाटून दिली जातात, वेळेवर बटण दाबायला सांगतात. पण कोणी दाबले नाही तरी यान आपोआप पुढे जाते. एकदा हे कळले की दुसऱ्यांदा बसण्याची ओढ राहत नाही.

तिसरा तट जुन्या आठवणींचा. त्यांना होरायझन्स गेल्याचे दुःख अजून आहे. नव्या इमारतीतील मोठ्या फिरत्या चाकाच्या मध्यभागी होरायझन्सचे चिन्ह ठेवलेले आहे. हे लोक ते शोधून एकमेकांना दाखवतात.

चौथा तट हिशेबाचा. तो विचारतो, धंदा झाला का? स्टार टूर्स चालली, तेव्हा डिस्नेने तिची नक्कल १९८९ साली टोकियो आणि फ्लोरिडात, १९९२ साली पॅरिसजवळ उभारली. मिशन स्पेसची नक्कल डिस्नेच्या दुसऱ्या कोणत्याही बागेत झाली नाही. २०२२ साली एपकॉटमध्येच अंतराळावर बेतलेली दुसरी मोठी सफर आली, पण ती रोलर कोस्टर आहे. सेंट्रीफ्यूजकडे कंपनी पुन्हा वळली नाही. कारखानदार चाललेला माल पुन्हा काढतो, हा बाजाराचा नियम आहे.

यावर पहिल्या तटाचे उत्तरही ऐकण्यासारखे आहे. फसलेला माल वीस वर्षे दुकानात राहत नाही. त्याच काळात कितीतरी सफरी बंद पडल्या, बॉडी वॉर्ससुद्धा २००७ साली बंद झाली, पण मिशन स्पेस चालू राहिले.

कारागीर आणि मालक कोर्टात

आमच्या कारागीर बांधवांसाठी या कहाणीत एक वेगळे पान आहे. सफर लोकांसाठी उघडली त्याच वर्षी, २००३ मध्ये, यंत्र बनवणारे आणि बनवून घेणारे कोर्टात उभे राहिले. ईटीसीच्या बाजूचे म्हणणे, कामाचे पैसे पूर्ण मिळाले नाहीत. डिस्नेच्या बाजूचे म्हणणे, काम कराराप्रमाणे झाले नाही. दावा आणि प्रतिदावा चालत राहिला आणि २००९ साली आपसात मिटला. सहा वर्षे! इतक्या काळात बड्या कंपनीचे काही बिघडत नाही. पण तिच्यापुढे लहान असलेल्या कारखानदाराला कोर्टाची तारीख आणि वकिलाची फी दोन्ही जड जातात.

जे यंत्र पूर्वी कोणी बनवलेच नाही, त्याचे काम घेताना 'पुरे झाले' म्हणजे नेमके काय, हे आधी लिहून घ्यावे लागते. चाचणी कोणी घ्यायची, बदल सुचले तर त्यांचा खर्च कोणाचा, नमुन्यावर हक्क कोणाचा, उशीर झाला तर भार कोणावर, या बाबी तोंडी ठेवल्या की मालाच्या तारिफीच्या दिवशीच भांडण उभे राहते. दागिन्याच्या नव्या घडणीपासून यंत्रमागाच्या सुट्या भागापर्यंत हे सर्वांना लागू आहे. जवळच्या माणसाचे काम असेल तर आणखीच लागू आहे.

आमचा हिशेब

तर मिशन स्पेस चालले की फसले? आमच्या मते या सवालाचे दोन भाग केल्याशिवाय उत्तर मिळणार नाही. यंत्र म्हणून ते यशस्वी झाले. जे देऊ म्हटले ते त्याने दिले, आणि तपासात यंत्र सदोष ठरले नाही. माल म्हणून मात्र ते चुकीच्या दुकानात मांडले गेले. जेथे लोक तिखट खायला येतात तेथे तिखट विकणे वेगळे, आणि जेथे लेकरे-म्हातारे घेऊन सारे कुटुंब जेवायला बसते तेथे तेच ताट एकमेव म्हणून पुढे करणे वेगळे. गिऱ्हाइकाला पर्याय मिळायला तीन वर्षे गेली, आणि त्या तीन वर्षांत जे घडले त्याची भरपाई नव्या चित्रपटाने होत नाही.

इशाऱ्याच्या पाटीबद्दलही थोडे बोलले पाहिजे. पाटी लावली म्हणजे विक्रेत्याची जबाबदारी संपली, असे मानणारे आपल्या बाजारातही कमी नाहीत. केसांच्या रंगाचे डबे, घरगुती शेगड्या, मुलांची खेळणी, रस्त्यावरचे पाळणे यांवर बारीक अक्षरात काहीतरी छापलेले असते आणि दुकानदार निश्चिंत असतो. पण गिऱ्हाईक पाटीवर कमी आणि दुकानदाराच्या तोंडावर जास्त भरवसा ठेवते. 'हे तुमच्या मुलाला नको, तो दुसरा घ्या' असे समोरासमोर सांगणारा दुकानदार त्या दिवशी एक विक्री गमावतो, पण ते घर कायमचे जोडतो. एपकॉटच्या दारात नारंगी आणि हिरवे कार्ड हातात देणारा नोकर आज हेच काम करतो. त्याची नेमणूक उद्घाटनाच्या दिवशीच व्हायला हवी होती.

व्यापारी आणि कारागीर बंधूंनी आपल्या मालाकडे एकदा या नजरेने पाहावे. आपल्या दुकानात असा कोणता माल आहे, जो उत्तम असूनही प्रत्येकाला सोसणारा नाही? आणि तो सोसणार नाही हे गिऱ्हाइकाला कोण सांगतो, आपण की पाटी?